लग्नपत्रिकांच्या कामासाठी विंडोज सोडून लिनक्सवर जावे का, आणि जुन्या मराठी-तेलुगू फाइलींचे काय करावे?

प्रश्न : मुद्रक, पूर्व भाग

सर्वांना नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा लग्नपत्रिका, बिलबुके आणि हँडबिले छापण्याचा व्यवसाय आहे. वडिलांनी तो ट्रेडल या पायाने चालणाऱ्या छपाई यंत्रावर सुरू केला आणि मी १९९८ मध्ये संगणकावर आणला. आज दुकानात चार संगणक असून चारही विंडोज १० वर चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि आमच्या यंत्रांत दोन्ही नाहीत. यंत्रे मात्र धडधाकट आहेत. ती भंगारात घालून चार नवे संगणक एकदम घेणे यंदाच्या हंगामात तरी मला झेपणारे नाही.

परंतु माझी मोठी काळजी यंत्रांची नसून फाइलींची आहे. सत्तावीस वर्षांच्या पत्रिका पेजमेकर आणि कोरलड्रॉ या मांडणी-रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी आणि तेलुगू फाँटांत जपून ठेवलेल्या आहेत. आमच्याकडे पद्मशाली समाजाची गिऱ्हाइके मोठ्या संख्येने येतात. थोरल्या मुलाची पत्रिका आम्ही छापलेली असली, की धाकट्याच्या लग्नाला "तीच काढा, नावे बदला" असे सांगून ती मंडळी निश्चिंत होतात. गेल्या माघात मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे यूएसबीचे कुलूप, म्हणजे ज्याला आम्ही डोंगल म्हणतो ते, ऐन गर्दीत बंद पडले. कंपनीकडून नवे येईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत फाइली पडद्यावर दिसत होत्या, पण त्यांत एक अक्षरही घालता येत नव्हते, आणि अकरा पत्रिकांचे जुळणीकाम मला दुसऱ्या दुकानातून पैसे मोजून करून घ्यावे लागले. वडिलांच्या काळी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, एकदा विकत घेतले की आपले होत. झिजले तर झिजले, पण ते वापरायला कोणाची परवानगी लागत नसे. त्या नऊ दिवसांत मला त्या खिळ्यांच्या पेट्या वारंवार आठवत होत्या.

अभियांत्रिकीला असलेला मुलगा विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली आणि मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरायला आणि बदलायला मोकळे असलेले, सॉफ्टवेअर वापरण्याचा आग्रह धरतो आहे. तुळशीचे लग्न झाले, लगीनसराई सुरू झाली, तेव्हा चुकीचा निर्णय मला परवडणार नाही. ज्यांनी प्रत्यक्ष हे केले आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगावा.

उत्तर १ : संगणक प्रयोगशाळा सहायक, होटगी रस्ता

मालक, नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील तीस संगणक सांभाळतो. त्यांपैकी अठरा गेल्या तीन वर्षांपासून लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर चालत आहेत. आपल्यासारख्या चार जीबी मेमरीच्या यंत्रांवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चांगली चालते. त्यात जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी हे वेगवान साठवण-साधन घातले तर यंत्र नवे झाल्यासारखे वाटते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

घाईने काहीही पुसू नका. मिंट पेन ड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बसवता चालवून पाहता येते. तसे दोन दिवस चालवा आणि सर्वांत आधी प्रिंटर तपासा. आमच्याकडील एक लेझर प्रिंटर, जो सोलापुरात झेरॉक्सच्या दर दुसऱ्या दुकानात दिसतो, लिनक्सवर चालवण्यासाठी मी चार दिवस घालवले आणि शेवटी तो विंडोजच्या यंत्राला जोडून मोकळा झालो. प्रिंटर, स्कॅनर आणि कटिंग प्लॉटर ही तीन उपकरणे चालतात की नाही, यावरच आपला निर्णय अवलंबून ठेवा. बाकीच्या गोष्टींवर मार्ग निघतो.

चारपैकी एक संगणक विंडोजवर, इंटरनेटची तार काढून, जुन्या फाइलींसाठी राखून ठेवा. घरगुती ग्राहकांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, म्हणजे हातात तेवढी सवड आहे.

उत्तर २ : हिशेबनीस, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही, आणि व्यवसाय करणाऱ्या माणसापुढे दुसरी बाजूही मांडली जावी म्हणून लिहितो. मी चादरी आणि टॉवेलच्या दोन कारखान्यांचे हिशेब पाहतो. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. त्यामुळे हिशेबाचा संगणक हलवण्याचा विचारही करू नये. लिब्रेऑफिस या मुक्त स्रोत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली एक्सेलची साधी कोष्टके ठीक दिसतात, पण मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या फाइलींत आम्हाला वारंवार अडचणी आल्या.

आपल्या धंद्यात रंगांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इंकस्केप हे रेखांकनाचे उत्तम साधन असले तरी ते मुळात पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत विचार करते, आणि ऑफसेटच्या प्लेटला चार शाईंची वेगळी फोड लागते. पत्रिकेवरील कुंकवाचा लाल रंग विटकरी उतरला तर गिऱ्हाईक पाचशे पत्रिकांचा गठ्ठा परत करील आणि त्यात त्याची काही चूक नसेल. शिवाय कोरलवर ज्याचा हात बारा-पंधरा वर्षे बसला आहे अशा कारागिराला हंगामात नव्या साधनावर बसवणे म्हणजे त्याच्यावरही अन्याय आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून बदल फुकट होत नाही. जे करायचे ते आषाढात, काम नसताना करावे.

उत्तर ३ : मुद्रितशोधक, नवी पेठ

रंगांविषयीचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. इंकस्केपमध्ये फक्त गणपती, वेलबुट्टी आणि चौकट करावी आणि अंतिम मांडणी स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करावी. स्क्रायबस चार शाईंची आणि खास रंगांची पीडीएफ देते, त्यामुळे स्क्रीन प्रिंटिंगच्या सोनेरी रंगाची पॉझिटिव्ह फिल्मही वेगळी काढता येते. पूर्वी स्क्रायबसला देवनागरीची जोडाक्षरे नीट लावता येत नसत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीपासून ती अडचण दूर झाली आहे. अक्षरे जुळवण्याचे हे काम हार्फबझ नावाचे मुक्त स्रोत साधन करते. त्याच्या फार्सी नावाचा अर्थच "खुले अक्षर" असा आहे, आणि आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्येही मराठी अक्षरे तेच जुळवते.

आता फाइलींकडे वळतो, कारण मालकांचा खरा प्रश्न तोच आहे आणि त्यावर अजून कोणी बोललेले नाही. जुन्या फाँटांत मराठी साठवलेलीच नसते. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये आपण "क" पाहतो, पण संगणकाने साठवलेले असते इंग्रजी "डी". फाँट फक्त त्या "डी"ला "क"चा मुखवटा चढवतो. फाँट काढला की पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि अधोरेषा यांची खिचडी उरते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही लिप्यांची मांडणी आपल्याकडील "इस्की" संकेतप्रणालीच्या क्रमाने केलेली असल्यामुळे तिन्हींत "क" आपापल्या लिपीच्या विभागात सारख्याच अंतरावर येतो. सोलापुरातील मुद्रकाला याचे महत्त्व अधिक आहे: एकाच पानावर, एकाच चौकटीत, मराठी नावाखाली तेलुगू ओळ आणि त्याखाली कन्नड ओळ लिहिता येते आणि त्यासाठी कोणतेही कुलूप लागत नाही.

रूपांतराची साधने मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये "सूर्य" लिहिताना "र" आधी येतो. रूपांतर करणाऱ्या साधनाला ही अदलाबदल करावी लागते आणि "निमंत्रण" बरोबर येऊन "आशीर्वाद" बिघडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. सर्वांत जास्त चुका मराठीच्या अर्ध्या "ऱ्"मध्ये होतात. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. पत्रिकेवर तो चुकला तर लग्नघरात वाद होतो. शिवाय युनिकोडमध्ये हा अर्धा "ऱ्" दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण "कुऱ्हाडे" हे आडनाव एका प्रकारे साठवलेले असेल आणि शोधताना दुसऱ्या प्रकारे लिहिले, तर ते सापडेलच असे नाही. दुकानात एकच प्रकार ठरवा आणि सर्वांना तोच वापरायला सांगा.

फाँटांसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, तसेच आयआयटी मुंबईचा शोभिका, हे मुक्त परवान्याचे आहेत; व्यवसायात वापरण्यास आणि चारही संगणकांवर ठेवण्यास पूर्ण मोकळीक आहे. मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठरवायला विसरू नका. ज्या फाँटांत तशी सोय आहे त्यांत "ल" आणि "श" आपल्या मराठी वळणाचे तेव्हाच येतात. आपल्या वाचकाला हिंदी वळणाचा "श" पत्रिकेवर लगेच खटकतो, जरी कारण सांगता आले नाही तरी.

पेजमेकरच्या फाइली लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये २०१५ पासून उघडता येतात, कोरलच्याही बऱ्याच उघडतात, पण मांडणी जशीच्या तशी येईल असे समजू नका. सत्तावीस वर्षांच्या सगळ्या फाइली एकदम बदलण्याचा खटाटोप करू नये असे मला मनापासून वाटते. प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ आजच काढून ठेवा, म्हणजे डोंगल असो वा नसो, पत्रिका कशी होती हे कायम पाहता येईल. आणि ज्या घराचे काम पुन्हा येईल तेवढीच पत्रिका युनिकोडमध्ये नव्याने टंकित करा.

प्रश्नकर्त्याचे निवेदन, तीन आठवड्यांनंतर : मुद्रक, पूर्व भाग

तिघांचेही मनःपूर्वक आभार. हिशेबनीस साहेबांचा इशारा मानून मी हिशेबाचा आणि कोरलचा संगणक हलवला नाही. मागच्या खोलीतील सर्वांत जुन्या यंत्रात एसएसडी घालून मुलाने मिंट बसवले. प्रिंटरच्या बाबतीत प्रयोगशाळेतील सद्गृहस्थ म्हणाले तेच घडले. आता आम्ही पीडीएफ तयार करून ती पेन ड्राइव्हने विंडोजच्या यंत्रावर नेतो आणि तेथून छापतो. डोंगल चालू आहे तोवर जुन्या फाइलींच्या पीडीएफ काढण्याचे काम रोज दुपारी एक तास चालू असून २००९ पर्यंत आलो आहोत.

पहिली पत्रिका जाणीवपूर्वक मराठी आणि तेलुगू अशी दोन भाषांतील घेतली. आमच्याकडे चौदा वर्षे जुळणीकाम करणाऱ्या ताईंना एरवी पंचवीस मिनिटे लागतात, तेथे पहिल्या दिवशी सव्वा तास लागला. दहाव्या दिवशी तो वेळ चाळीस मिनिटांवर आला. प्रूफ न्यायला वराचे आजोबा स्वतः आले होते. आयुष्यभर मागावर बसलेला तो माणूस, त्यांनी तेलुगू बाजूवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचले, आपल्या दिवंगत वडिलांच्या नावापाशी थांबले आणि म्हणाले, की मागच्या वेळी येथे एक चिन्ह गळाले होते, या वेळी बरोबर आले आहे. मागच्या वेळी ती बाजू बाहेरून जुळवून चित्र म्हणून चिकटवलेली होती, त्यामुळे आम्हाला ती दुरुस्त करताच आली नव्हती. या वेळी ती आमच्या हातात होती. सांगताना मला भरून येते, म्हणून येथे लिहिले.

दुसऱ्या यंत्रावर मिंट जानेवारीतील गड्ड्याची यात्रा झाल्यावर बसवू. एक अडचण राहिली आहे. ताई इनस्क्रिप्ट ही कळफलकाची पद्धत शिकत आहेत, पण "ऱ्य" आणि "ऱ्ह" कसे उमटवायचे ते त्यांना सापडत नाही. सध्या त्या जुन्या मजकुरातून उचलून चिकटवतात. कोणी नेमक्या कळा सांगाव्यात.

उत्तर ४ : मुद्रितशोधक, नवी पेठ

इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी "जे"च्या कळीवर "र" आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की खाली टिंब असलेला "ऱ" येतो. त्यानंतर "डी"च्या कळीने हलन्त द्यावा, आणि मग "य"साठी प्रश्नचिन्हाची कळ शिफ्ट न धरता किंवा "ह"साठी "यू"ची कळ दाबावी. "ऱ"खालचे टिंब पाहून ताईंना चुकल्यासारखे वाटेल. पुढचे अक्षर दाबताच ते नाहीसे होऊन अर्धा "ऱ्" दिसू लागतो. आधीच्या पत्रिकांत चिकटवलेली अक्षरे मात्र याच पद्धतीने एकदा पुन्हा टंकित करून घ्यावीत, म्हणजे दुकानातील सर्व नावे एकाच प्रकारे साठवली जातील आणि शोधल्यावर सापडतील.