मदत हवी आहे: सुट्टीत वसतिगृहाचा हॉल रात्री उघडून घ्यायचाय

नागपुरात विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही पंचवीसेक संशोधक विद्यार्थी मे-जूनमध्येही राहतो. प्रयोगांना उन्हाळी सुट्टी नसते. पारा ४५च्या आसपास. दिवस लॅबच्या एसीत निघतो, खरे हाल रात्री. वरच्या मजल्याचा स्लॅब इतका तापतो की मध्यरात्रीही भिंत हाताला गरम लागते आणि पंखा नुसत्या झळा फेकतो. झोप नाही, म्हणून चिडचिड. दोघं-तिघं तर हल्ली बोलेनासेच झालेत, त्याची जास्त काळजी वाटते.

खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या, थोडा फरक पडला. गच्चीवर पाणी मारायचो, पण टाकीच रिकामी व्हायला लागली. खोलीत कूलरला परवानगी नाही (वायरिंग जुनं आहे, त्यामुळे वाद घालत नाही). मेस बंद, समुपदेशन कक्षही जुलैपर्यंत बंद. म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फलकावर लावलाय. ओआरएस, पन्हं, ताक सगळं चालू आहे, तेव्हा ते सल्ले कृपया नकोत.

तळमजल्यावरच्या वाचन हॉलमध्ये दोन मोठे कूलर आहेत, पण तो संध्याकाळी सहाला बंद होतो. वॉर्डन तयार आहेत. रात्रीच्या सुरक्षारक्षकाचे पैसे कोण देणार, इथे गाडी अडलीय. वर्गणी काढणं जमणार नाही, फेलोशिप थकलीय.

कुणी आपल्या विद्यापीठात सुट्टीत असा हॉल रात्रभर उघडून घेतलाय का? अर्ज कुलसचिवांकडे केला की विद्यार्थी विकास विभागाकडे, आणि रक्षकाचा खर्च कुठल्या निधीतून मंजूर झाला?