आयडल वेगाच्या नियंत्रणासाठी सिम्युलेशन मॉडेल किती बारीक असावे?

प्रश्नकर्ता: पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी चार सिलिंडरच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा आयडल वेग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो वेग) ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, स्थिर ठेवणारा पीआय नियंत्रक (वेगातील चूक आणि तिची साठत जाणारी बेरीज पाहून दुरुस्ती करणारा) सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तयार केला आहे. थ्रॉटलमधून (हवेच्या झडपेतून) आत येणारी हवा, मॅनिफोल्डमधील (ती हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या पोकळीतील) दाब, त्यावरून टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) आणि टॉर्कवरून वेग, असे माझे मॉडेल आहे. हवा सिलिंडरमध्ये गेल्यापासून टॉर्क मिळेपर्यंतचा विलंब मी ७५ मिलिसेकंद धरला आहे. संगणकावर ए.सी. कॉम्प्रेसरचा भार टाकला की वेग थोडा पडून लगेच सावरतो. मात्र प्रयोगशाळेतील इंजिनावर तो ६०० पर्यंत उतरतो आणि नंतर वरखाली होत राहतो. क्रँकच्या प्रत्येक अंशाला सिलिंडरमधील दाब काढणारे तपशीलवार मॉडेल घ्यावे, असे मार्गदर्शक सुचवतात. त्याने प्रश्न सुटेल का?

प्रतिसाद १: माझ्या मते सुटणार नाही, कारण दोष बारकाव्यांच्या अभावात नसून ७५ मिलिसेकंदांच्या त्या स्थिरांकात असावा. ८०० आरपीएमला क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुम्ही विलंब एका फेऱ्याएवढा धरला आहे, आणि ते रास्तच आहे. पण वेग ६०० वर आला की तोच फेरा १०० मिलिसेकंदांचा होतो. विलंब क्रँकच्या कोनाशी बांधलेला असतो, घड्याळाशी नाही. शिवाय मॅनिफोल्ड भरण्याचा कालांकही (दाब बदलायला किती वेळ लागतो त्याचे माप) वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: मॅनिफोल्ड २ लिटरचा आणि आकारमानी कार्यक्षमता (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते प्रमाण) ०.८ धरली, तर ८०० आरपीएमला तो सुमारे ०.३१ सेकंद येतो आणि ६०० ला ०.४२. नियंत्रकाला सर्वाधिक चपळाईची गरज असते नेमक्या त्याच क्षणी इंजिन सर्वांत सुस्त झालेले असते, आणि तुमच्या मॉडेलला याचा पत्ताच नाही. विलंबाचा ब्लॉक बदलता ठेवून त्याला चालू वेग पुरवा. वेगाची ही वरखाली संगणकावरही दिसू लागेल, असा माझा अंदाज आहे.

आयडलला मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या दाबाच्या ०.५३ पटीहून बराच खाली असतो, त्यामुळे थ्रॉटलमधील प्रवाह ध्वनिवेगाला पोहोचून तुंबतो आणि आत येणारी हवा केवळ थ्रॉटलच्या उघडीपीवर ठरते. तुमच्या समीकरणात ही अट आहे का, तेही तपासून पाहा.

प्रतिसाद २: वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. मात्र इग्निशनचा, म्हणजे ठिणगीची वेळ बदलून टॉर्क बदलण्याचा, मार्ग मॉडेलमध्ये का नाही, हे मला कळले नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना, म्हणजे ८०० आरपीएमला दर ३७.५ मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते. ती किती आधी पाडायची हे बदलले की पुढच्याच ज्वलनात टॉर्क बदलतो, मॅनिफोल्ड भरण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच प्रत्यक्षातील ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) आयडलला ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून टॉर्कचा थोडा साठा हाताशी ठेवतात. केवळ हवेच्या बळावर आयडल सांभाळण्याचा हट्ट धरला, तर पीआयचे गुणांक कितीही हलवले तरी फारसे साधणार नाही.

मार्गदर्शकांची सूचनाही अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. मिसफायर (न झालेले ज्वलन) ओळखणे, नॉक (इंधनाचे अवेळी स्फोटक ज्वलन) टाळणे किंवा आवर्तनागणिक बदलणारे ज्वलन हा विषय असता, तर तुमच्यासारखे सरासरी मूल्यांचे मॉडेल आंधळे ठरले असते. आयडलच्या नियंत्रकाला तेवढी दृष्टी लागत नाही.

प्रतिसाद ३: पुढे ईसीयू खरा आणि इंजिन संगणकातले, अशी चाचणी करणार असाल, तर तपशीलवार मॉडेल अडचणीचेच ठरेल, कारण प्रत्येक गणना ठरलेल्या वेळेत पूर्ण व्हावीच लागते. शिवाय ईसीयूला क्रँकचाकाच्या दातांचा सिग्नलही पुरवावा लागतो. साठातून दोन दात वगळलेले क्रँकचाक ६००० आरपीएमला एका मिलिसेकंदात ३६ अंश, म्हणजे सहा दात फिरते. एक मिलिसेकंदाच्या पायरीने चालणाऱ्या मॉडेलमधून तो सिग्नल निघू शकत नाही. दातांची ही नक्कल सहसा एफपीजीए कार्डावर (हवे तसे जोडता येणाऱ्या अतिवेगवान चिपवर) वेगळी केली जाते.

प्रश्नकर्ता: विलंब वेगाशी जोडल्यावर संगणकावरही तसेच हेलकावे दिसले. आता मॉडेलमधील जडत्व आघूर्ण (फिरण्यातील बदलाला होणारा विरोध) आणि घर्षण यांची मूल्ये कोठून घ्यावीत? माझी मूल्ये पाठ्यपुस्तकातील आहेत.

प्रतिसाद १: त्याच इंजिनावरून काढा. गरम इंजिन न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमवर नेऊन इंधन तोडा आणि वेग कसा उतरतो ते नोंदवा. या वक्रावरून घर्षण आणि जडत्व यांचे केवळ गुणोत्तर मिळते. त्यामुळे ज्ञात जडत्वाची चकती जोडून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, म्हणजे दोन्ही मूल्ये वेगळी करता येतील. थंड इंजिनाचे घर्षण बरेच जास्त असते. ती नोंद स्वतंत्र ठेवा.