“लपवायचं काही नसेल तर भीती कशाची?” (म्हणे!)

चक्रधर
काल एकांनी ठोकून दिलं : “महामारीत संपर्क शोधणाऱ्या (लागण झालेल्याच्या जवळ कोण होतं ते हुडकणाऱ्या) अ‍ॅपला नाकं मुरडणारे अडाणी. टॅक्सीच्या अ‍ॅपला खुशाल जागा सांगतात आणि जीव वाचवणाऱ्या अ‍ॅपपुढे खासगीपणाचा कळवळा येतो.” उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

टॅक्सीवाला तुम्हाला चौदा दिवस घरात डांबू शकत नाही. इथे माहिती गोळा करणारा आणि डांबणारा एकच : सरकार. सिंगापूरचं असलंच अ‍ॅप, ट्रेसटुगेदर, मार्च २०२० मध्ये आलं, माहिती फक्त संपर्क शोधायला म्हणून. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कबुली : पोलीसही ती मागू शकतात. ओरड झाल्यावर फेब्रुवारीत कायदा करून सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती मुभा ठेवली. संशय घेणारे अडाणी नव्हते हो, दहा महिने पुढे होते.

घाईत_आहे
असहमत. एका सिंगापूरवरून सगळ्यांना झोडपू नका. अ‍ॅपल-गूगलने अशा अ‍ॅपसाठी मिळून केलेल्या पद्धतीत फोन रोज १६ बाइटची एक चावी (गुप्त आकडा) बनवायचा. तिच्यातून दर दहा मिनिटांना एक, असे दिवसाचे १४४ क्रमांक निघायचे. ब्लूटूथवर हे क्रमांक जायचे, चावी नाही. आसपासच्या फोनांकडून ऐकलेले क्रमांक तुमच्याच फोनात राहायचे आणि १४ दिवसांनी पुसले जायचे. लागण झालेल्याने स्वतः होकार दिला तरच त्याच्या चाव्या सर्व्हरवर चढायच्या, जुळवाजुळव बाकीचे फोन आपापली करायचे. नाव नाही, नंबर नाही, जीपीएस नाही. तरी “पाळत, पाळत” चालूच. याला काय म्हणायचं?

चक्रधर
अँड्रॉइड १० पर्यंत ब्लूटूथ स्कॅनसाठी लोकेशन चालू ठेवावं लागे. अ‍ॅप सांगतं “जागा बघत नाही” आणि फोन सांगतो “लोकेशन चालू करा”. ही अट अँड्रॉइड ११ मध्ये या पद्धतीच्या अ‍ॅपपुरती सुटली, तोवर व्हायचा तो संशय होऊन गेला. त्यात सक्तीचा घोळ. आरोग्य सेतू १ मे २०२० च्या आदेशात नोकरदारांना सक्तीचं, १७ मेच्या आदेशात “शक्य तितका प्रयत्न करा”!

सोल्डरगन
अवांतर : ते यंत्र अंतर ओळखत होतं का, हे आधी बघा. ब्लूटूथ अंतर मोजत नाही, सिग्नलचा जोर मोजतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाणी शोषून घेतं आणि माणूस म्हणजे पाण्याचं पिंप. दोघांचे फोन मागच्या खिशात असले तर समोरासमोर उभे असूनही ते लांब ‘दिसतात’. उलट बसच्या पत्र्यावर लहर आपटून परतली की चार बाकं पलीकडचा शेजारी होतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने बस आणि ट्राममध्ये मोजून हेच दाखवलं. पातळ भिंतीपलीकडचा माणूसही संपर्कात!

घाईत_आहे
म्हणून तर १५ मिनिटांचा उंबरठा होता, साहेब; तेवढा वेळ जवळ असलात तरच संपर्क. एका झटक्यावर कोण विसंबतं?

सोल्डरगन
स्कॅन दर काही मिनिटांनी, तोही काही सेकंदच. १५ मिनिटांत हाताला मोजकेच नमुने लागतात. उंबरठा सैल केला की धडधाकट माणसं घरी बसतात, कडक केला की खरा संपर्क निसटतो. जुलै २०२१ मध्ये इंग्लंडात “घरी बसा” अशा सूचनांचा पाऊस पडला तेव्हा कित्येकांनी अ‍ॅप काढून टाकलं. खासगीपणासाठी नव्हे, खाडा टाळायला.

उंबरठ्यावरचा
धागा खासगीपणाचा होता ना? रेडिओ दुरुस्तीचा वर्ग कधी सुरू झाला?

सोल्डरगन
समजत नसेल तर गप्प बसायची सोय आहे. ब्रिटनचं पहिलं अ‍ॅप वाइट बेटावर तपासलं, तेव्हा त्याला अँड्रॉइडचे ७५ टक्के फोन सापडले आणि आयफोन फक्त ४ टक्के. स्क्रीनवर उघडं नसलेल्या, मागे चालणाऱ्या अ‍ॅपला आयफोन मोकळेपणी ब्लूटूथ वापरू देत नाही. सवलत होती, पण अ‍ॅपल-गूगलची पद्धत घेणाऱ्यालाच. ब्रिटनच्या सरकारला सगळी माहिती आपल्या सर्व्हरवर हवी होती. जून २०२० मध्ये गाशा गुंडाळला. आता सांगा, हे रेडिओचं की खासगीपणाचं?

घाईत_आहे
बरं बाबा, सिंगापूरचं मान्य. पण सप्टेंबर २०२० ला इंग्लंड-वेल्समध्ये आलेल्या अ‍ॅपने डिसेंबरअखेर अंदाजे २ लाख ८४ हजार ते ५ लाख ९४ हजार लागणी टाळल्या, असं ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलंय. तुमच्या पिंपांसकट!

चक्रधर
मान्य. आणि ते अ‍ॅप कोणतं? पहिलं टाकून दिल्यावर आलेलं, माहिती फोनातच ठेवणारं. आभारी आहे, माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेटका मांडलात.