पंढरपूर-मंगळवेढा २०२१: बालेकिल्ला पडला, की तो बालेकिल्ला नव्हताच?

भीमाकाठ

२ मे २०२१ ला पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, तेव्हापासून एकच वाक्य ऐकतोय: राष्ट्रवादीचा गड पडला. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार, अर्थखातं अजितदादांकडे, जलसंपदा जयंतरावांकडे. आमदार भारतनाना भालके नोव्हेंबर २०२० मध्ये गेले, त्यांचे पुत्र भगीरथ उमेदवार. एवढं सगळं जमून आलेलं असताना भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी निवडून आले.

माझं म्हणणं असं की 'गड' हा शब्दच चुकतोय. नाना सलग तीनदा आले ते तीन झेंड्यांखाली. २००९ ला स्वाभिमानी पक्षाकडून, आणि पाडलं कुणाला तर राष्ट्रवादीच्याच विजयसिंह मोहिते-पाटलांना. २०१४ ला काँग्रेस. २०१९ ला राष्ट्रवादी. म्हणजे जागा नानांची होती, पक्ष तिथे पाहुणा होता.

त्यात २०१९ चे आकडे बघा. नाना ८९,७८७. भाजपकडून सुधाकरपंत परिचारक ७६,४२६. अपक्ष आवताडे ५४,१२४. विरोधातली मतं दोन ठिकाणी फुटली म्हणून नाना १३,३६१ नी आले. २०२१ ला सुधाकरपंतांचे पुतणे प्रशांत परिचारक आवताड्यांच्या मागे उभे राहिले आणि फूट मिटली. धक्का कसला? ही साधी बेरीज आहे.

रानातला_हिशेब

बेरीज करायचीच तर पुरती करा. ७६,४२६ अधिक ५४,१२४ म्हणजे १,३०,५५०. तुमच्या हिशेबाने भगीरथ चाळीस हजारांनी पडायला हवे होते. आवताड्यांना मिळाली १,०९,४५०. एकवीस हजार मतं वाटेतच गळाली. आणि भगीरथना १,०५,७१७, म्हणजे वडिलांपेक्षा जवळपास सोळा हजार जास्त.

गट एकत्र आले म्हणून गटाची माणसं गाठोडं बांधल्यासारखी येत नाहीत. वर्षानुवर्षं ज्याच्याविरुद्ध बूथवर बसलो त्याच्याच स्लिपा वाटायच्या, हे कार्यकर्त्याच्या गळी उतरत नाही. परिचारक गटातल्या कित्येकांच्या ते उतरलं नसणार, आकडाच सांगतोय. सहानुभूती होती आणि भरपूर होती. तरीही जागा गेली, यालाच मी धक्का म्हणतो.

दामाजीनगर

दोघंही सगळं पंढरपुरातून बघताय. मंगळवेढ्याकडून बघा जरा.

२००८ च्या पुनर्रचनेआधी मंगळवेढा हा स्वतंत्र राखीव मतदारसंघ होता. नंतर पंढरपूरला जोडला गेला आणि आमदार भीमेच्या काठचाच होत राहिला. आमच्या दक्षिणेकडच्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या भाषणात आला. २००९ ला आला, २०१४ ला आला, २०१९ ला आला. पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर टँकर. अशा ठिकाणी 'आपल्या तालुक्याचा माणूस' ही भावना पक्षाच्या चिन्हापेक्षा मोठी असते. आवताडे मंगळवेढ्याचे. २०१९ ला कुठल्याही पक्षाशिवाय ५४ हजार मतं मिळाली ती कशावर? त्या भावनेवरच. ज्यांच्याकडे जलसंपदा खातं, त्यांनीच प्रचारात येऊन पाणी देऊ म्हणायचं, हे ऐकताना माणसाला राग येतो हो. मग आजवर कुणी अडवलं होतं?

उजनी_डावा_कालवा

सगळे मुद्दे बरोबर, पण त्या दोन-तीन महिन्यांत गावात काय चाललं होतं ते कुणी लिहिलं नाही. थकबाकीसाठी शेतीपंपांची वीज तोडत होते. उभ्या पिकाला पाणी असून देता येत नाही, याच्याइतकं जिव्हारी लागणारं दुसरं काही नसतं. ज्याने ते अनुभवलं त्याला विचारा. त्यात थकलेली ऊसबिलं. त्यात दुसरी लाट. १७ एप्रिलला मतदान झालं तेव्हा दवाखान्यांत खाट मिळत नव्हती. लोकांनी नानांवरचं प्रेम कमी केलं नाही, त्यांनी सरकारला उत्तर दिलं.

भीमाकाठ

@रानातला_हिशेब, एकवीस हजारांची गळती माझ्या नजरेतून सुटली होती, मान्य. पण सोळा हजारांच्या वाढीला नुसती सहानुभूती म्हणू नका. २०१९ ला काँग्रेसचाही उमेदवार रिंगणात होता आणि शिवसेना भाजपबरोबर होती. २०२१ ला तिन्ही पक्ष एका बाजूला. त्यातला किती वाटा आघाडीचा आणि किती नानांच्या आठवणीचा, हे वेगळं काढता येणार नाही.

@उजनी_डावा_कालवा, सरकारवरचा राग एवढाच असता तर नांदेडच्या देगलूर पोटनिवडणुकीत काय झालं? त्याच वर्षी, तेच सरकार. काँग्रेसचे आमदार रावसाहेब अंतापूरकर कोरोनाने गेले, मुलगा जितेश उभा राहिला, ४० हजारांहून जास्त मतांनी आला. २०१५ ला आर. आर. आबा पाटलांच्या मागे तासगावात त्यांच्या पत्नी सुमनताई लाखावर मताधिक्याने आल्या. तिथे तर मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिला नव्हता.

रानातला_हिशेब

तासगावचं उदाहरण मग इथे चालत नाही, तुम्हीच कारण दिलंत. देगलूरचं चालतं, पण तिथे वीजतोडणीचा तो उन्हाळा मतदानाच्या तोंडावर नव्हता. निवडणूक ऑक्टोबरात झाली.

आणि खरंच सुरक्षित मानलेली जागा कशी जाते ते बघायचं तर २०१९ ची साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक घ्या. उदयनराजे राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि महिना-सव्वा महिन्यात राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांवर मतांनी हरले. तिथे माणूस मोठा, की पक्ष? तुमच्या 'जागा माणसाची असते' या सिद्धांताचं साताऱ्यात काय होतं?

भीमाकाठ

साताऱ्यात लोकांना राजीनामा आवडला नाही. निवडून दिल्यावर पाच महिन्यांत पुन्हा मत मागायला येणं याचा तो राग होता. पंढरपुरात निवडणूक कुणी लादली नव्हती, मृत्यूमुळे आली. दोन्हींना एकच माप लावता येत नाही. तरी प्रश्न रास्त आहे. 'माणसाची जागा' म्हणताना मी साताऱ्याचा विचार केला नव्हता.

दामाजीनगर

पुढचं बघा, म्हणजे गट किती पक्के ते कळेल. २०२२ च्या जुलैत पंढरपूरच्या विठ्ठल साखर कारखान्याची सत्ता भालके गटाकडून अभिजित पाटलांकडे गेली. त्याच महिन्यात मंगळवेढ्याच्या दामाजी साखर कारखान्यात आमदार झालेल्या आवताड्यांचं पॅनेलही हरलं. विधानसभेला ज्यांनी मत दिलं त्याच पट्ट्यातल्या सभासदांनी सव्वा वर्षात कारखाना काढून घेतला. इथला मतदार कुणाच्याही दावणीला बांधलेला नाही, हे दोन्ही गटांना कळलं.

उजनी_डावा_कालवा

पण २०२४ ला आवताडेच पुन्हा आले, तेही वाढलेल्या फरकाने. भगीरथ मधल्या काळात भारत राष्ट्र समितीत जाऊन आले आणि काँग्रेसकडून लढले; शरद पवार गटाचाही वेगळा उमेदवार होता. या वेळी फूट दुसऱ्या बाजूला पडली.

भीमाकाठ

हो, आणि तिथेच माझं मूळ म्हणणं थोडं बदलतो. २०१९ ला फुटीचा फायदा नानांना, २०२४ ला आवताड्यांना. मधल्या २०२१ च्या लढतीत दोन्हीकडे फूट जवळजवळ नव्हती, म्हणून तीच खरी कसोटी धरावी लागेल. आणि त्या कसोटीत दोन लाखांहून जास्त मतांत अंतर ३,७३३ चं. @दामाजीनगर, पस्तीस गावांतला बूथवार तक्ता तुमच्याकडे असेल तर इथे टाका. तुमचा मुद्दा खरा असेल तर तो तिथे दिसायलाच हवा.