पाचशे मीटरचे वर्तुळ पुरेसे नाही

सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर वा बोअर घेऊ न देण्याचा नियम कडकपणे पाळला की पिण्याचे पाणी सुरक्षित राहील, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यातून आलेली ही तरतूद मुळात टंचाईच्या काळजीपोटी होती. तिने उपसा रोखता येतो, परंतु त्याच अंतरात उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा किंवा युरियाचा मारा होणारा उसाचा फड असेल तर तिचा काही उपयोग नाही. जर्मनीत विहिरीभोवतीच्या आतल्या संरक्षित पट्ट्याची हद्द, भूजलाला विहिरीपर्यंत पोहोचायला ५० दिवस लागतील अशी आखतात, कारण तेवढ्या अवधीत बहुतेक रोगजंतू मरतात. (युरियासारख्या खतांतून पाण्यात उतरणारे नायट्रेट मात्र असे नाहीसे होत नाही, त्यासाठी बाहेरच्या पट्ट्यात खतांवरच मर्यादा घालावी लागते.) आपल्याकडे बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी मुरमातून आणि भेगांतून वाहते, त्यामुळे चढाकडचा लांबचा उकिरडा उताराकडच्या जवळच्या उकिरड्यापेक्षा घातक ठरू शकतो. तेव्हा ग्रामपंचायतीने आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून प्रवाहाची दिशा समजून घ्यावी आणि मगच शोषखड्ड्यांच्या जागा ठरवाव्यात. खाजगी शेतावर बंधन आले तर भरपाईचा प्रश्न उठणारच. जर्मन कायद्याने ती देण्याची सोय केली आहे, आपल्याकडे तो खर्च पाणीपट्टीतून काढणे कठीण दिसते.