कूलर १०० टक्क्यांवर असूनही सेन्सर उणे १० अंशांपर्यंत थंड होत नाही

प्रश्न

नमस्कार. गेले वर्षभर मी वांगणीजवळच्या एका शेतावरून कूलर असलेल्या रंगीत कॅमेऱ्याने दीर्घिकांची छायाचित्रे घेतो. हिवाळ्यात उणे १० अंश सेल्सिअस तापमान दहा मिनिटांत येत असे आणि कूलर ६० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहत असे. एप्रिलमध्ये सिंह राशीतले दीर्घिकांचे त्रिकूट टिपताना मात्र कूलर रात्रभर १०० टक्क्यांवर होता. रात्री दहा वाजता हवा ३० अंश होती तेव्हा सेन्सर उणे ४ पर्यंत उतरला आणि पहाटे हवा २६ अंशांवर आली तरी तो उलट उणे २ वर चढला. डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम) वजा करूनही चित्रात ठिपके राहतात आणि शेवटच्या तासातील फ्रेममध्ये मधोमध एक धूसर गोल डाग दिसतो. वीज बॅटरीवरून पाच मीटरच्या वायरने येते. पेल्टिअर (सेन्सर थंड करणारा विजेवरचा भाग) निकामी झाला असेल का?

उत्तर १

पेल्टिअर बिघडला असे इतक्यात मानू नये. तो सेन्सरकडची उष्णता मागच्या पंख्याकडे ढकलतो आणि त्यात स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही मिसळतो, त्यामुळे ही सगळी उष्णता हवेत जाईल तेवढेच त्याचे काम होते. अशा कॅमेऱ्यांचा आवाका बहुधा हवेपेक्षा ३५ ते ४० अंश खाली जाण्याचा असतो. ३० अंशांच्या रात्री उणे १० मागणे म्हणजे त्याच्याकडून शेवटचा थेंब काढणे होय. पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर धूळ बसली असेल तर ती आधी साफ करावी.

उन्हाळ्यात ० अंश ठेवा. डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेमुळे सेन्सरमध्ये वाहणारा प्रवाह) साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो, म्हणजे उणे १० च्या तुलनेत तो तिपटीच्या आसपास जाईल; पण कल्याण-मुंबईच्या उजेडाने उजळलेल्या आकाशात आजच्या सेन्सरचा हा वाढीव गोंगाट (चित्रातला खरखरीतपणा) आकाशाच्या गोंगाटात बुडून जातो. तापमान किती खाली गेले यापेक्षा ते किती स्थिर राहिले याला मी अधिक महत्त्व देतो. तुमच्या डार्क फ्रेम उणे १० च्या असणार आणि मूळ फ्रेम उणे ४ ते उणे २ च्या, म्हणून ठिपके उरतात. ० अंशांच्या नव्या डार्क फ्रेम त्याच गेनला (सेन्सरचा संकेत वाढवण्याच्या पातळीला) आणि तितक्याच एक्स्पोजरने घ्याव्यात.

उत्तर २

हवा गार होत असताना सेन्सर तापला, ही या प्रश्नातली सर्वांत बोलकी खूण आहे. कूलर पूर्ण शक्तीवर असताना सेन्सरने हवेबरोबर खाली यायला हवे होते. तसे झाले नाही, याचा अर्थ त्याला मिळणारी वीजच कमी होत गेली. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर दुहेरी तांब्याच्या तारेत तीन अँपिअरला सुमारे एक व्होल्ट वाटेतच जातो. मल्टिमीटरने कॅमेऱ्याच्या टोकाशी, कूलर चालू असतानाच मोजा, कारण भार नसताना मोजलेला आकडा फसवा असतो. पिनही हाताने चाचपून पाहा. माझ्याकडे २.१ मिलिमीटरच्या पिनवर २.५ मिलिमीटरचा प्लग बसवलेला होता. तो सैलपणे टेकत असे आणि हात लावताच चटका बसे.

प्रश्नकर्ता

मोजले. बॅटरीशी १२.३ व्होल्ट होते आणि कॅमेऱ्याशी १०.९. दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि नवा प्लग बसवल्यावर कॅमेऱ्याशी ११.९ मिळाले. हवा २८ अंश असताना पूर्ण शक्तीवर सेन्सर उणे ८ पर्यंत गेला आणि ० अंशांवर कूलर ६५ टक्क्यांवर रात्रभर हलला नाही. मनापासून आभार. डाग मात्र अजून आहे.

उत्तर ३

डाग धुळीचा की बर्फाचा हे आधी ठरवा. तापमान १५ अंशांपर्यंत हळूहळू वाढवत दर पाच मिनिटांनी एक फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची फ्रेम) घ्या. धुळीचा डाग जागचा हलत नाही, बर्फाचा मात्र आकार बदलत नाहीसा होतो. कॅमेरा काढून टॉर्चच्या तिरक्या उजेडात बाहेरची काचही बघा, कारण दमट रात्री तिच्यावर दव जमते आणि त्यावर काच गरम ठेवणारी पट्टी पुरते.

बर्फ आतच असेल तर सेन्सरच्या कप्प्यातील सिलिका जेल ओल शोषून संपले आहे. तुमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानालाच ते वाळवा, कारण काही गोळ्यांचे आवरण जास्त उष्णतेने वितळते. कप्पा उघडण्याचे काम पावसाळा लागण्यापूर्वी, एसी तासभर चालवलेल्या खोलीत करा आणि बंद करताना रबरी कड्यावर केस किंवा धागा अडकलेला नाही ना, हे भिंगाखाली पाहून घ्या. माझा डाग दोनदा परत आला होता, तो अशाच एका केसामुळे.