मदत हवी आहे: एआय एजंटसाठी कॅलेंडर टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं?

मंडळी, एमसीपी किंवा फंक्शन कॉलिंगवर (एआय मॉडेलला बाहेरची टूल वापरायला देण्याच्या पद्धती) काम करणारं कोणी असेल तर जरा मदत हवीय. ऑफिसात आमचा एक असिस्टंट (एआय एजंट) आहे, लोक त्याला चॅटमध्ये "परवा साडेचारला डिझाइनवाल्यांबरोबर मीटिंग लाव" असं काहीही टाकतात आणि तो गूगल कॅलेंडरच्या एपीआयमधून इव्हेंट बनवतो. टूल चार आहेत, शोधा, बनवा, बदला, उडवा. माणसाने हाताने कॉल केला तर सगळं नीट चालतं, गोची आहे ती टूल काय करतं हे एजंटला सांगणाऱ्या वर्णनात. "कॅलेंडरमध्ये नवीन इव्हेंट तयार करते" एवढी एकच ओळ आधीपासून आहे आणि एजंट बिचारा त्यावरून अंदाज बांधत बसतो.

गणपतीची सुट्टी १४ ते १६ सप्टेंबर टाक म्हटलं तर तो एंड डेट १६ देतो आणि सुट्टी १५ लाच संपते, कारण दिवसभराच्या इव्हेंटमध्ये शेवटची तारीख धरत नाहीत, १७ द्यावी लागते (आयकॅलेंडरच्या स्टँडर्डातच तसं आहे, आरएफसी ५५४५). न्यू जर्सीच्या क्लायंटचा दर आठवड्याचा कॉल तिकडच्या सकाळी ९ चा, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की तोच साडेसहाला यायला पाहिजे, आणि एजंटने टाइमझोन एशिया/कोलकाता देऊन ठेवलेला असतो म्हणून तो साडेसातलाच चिकटून बसतो.

सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे "बदला" टूल. कोणी सांगितलं "या मीटिंगला क्यूएवाल्यांना पण घे" की एजंट अटेंडीजमध्ये (बोलावलेल्यांच्या यादीत) फक्त तो एकच ईमेल पाठवतो, आणि पॅचमध्ये (म्हणजे इव्हेंट बदलायच्या कॉलमध्ये) अ‍ॅरे (यादी) दिला की जुना अख्खा ओव्हरराइट होतो, म्हणजे नवा माणूस आत आणि बाकीचे सगळे बाहेर, वर त्यांना कॅन्सल झाल्याची मेल. एका मॅडमना तर वाटलं आपल्याला प्रोजेक्टवरूनच काढलं. शिवाय टाइमआउट झाला (उत्तर वेळेत आलं नाही) की एजंट परत कॉल करतो आणि एकाच वेळेला दोन मीटिंगा दिसतात.

हे सगळं वर्णनात लिहायला घेतलं तर दोन पानं होतात, आणि टूलची डेफिनिशन प्रत्येक रिक्वेस्टबरोबर कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलला वाचायला दिलेल्या मजकुरात) जाते म्हणजे टोकन (मजकूर मोजायचं एकक) जळतात ते वेगळंच. तर नक्की काय वर्णनात, काय स्कीमात (टूलच्या फील्डांच्या व्याख्येत) आणि काय एरर मेसेजमध्ये टाकायचं? तुम्ही कसं करता?

प्रतिसाद १:
दोन पानं लिहूच नका राव, यातलं निम्मं डॉक्युमेंटेशनचं काम नाहीच. एजंटकडून "शेवटचा दिवस" मागा, त्यात एक मिळवणं तुमच्या कोडने करावं. अटेंडीजची पूर्ण यादी घेऊच नका, "कोणाला घ्यायचं" आणि "कोणाला काढायचं" अशी दोन फील्ड ठेवा, मग चूक करायला जागाच नाही. डुप्लिकेटसाठी इव्हेंटचा आयडी स्वतः ठरवून पाठवा, गूगल ते चालवून घेतं, तोच आयडी परत गेला की ४०९ (हा आधीच आहे असा एरर) येतो. टाइमझोनचं फील्ड सक्तीचं करा आणि स्कीमात एकच वाक्य लिहा, की मीटिंगची वेळ ज्या गावाच्या घड्याळाने ठरलीय त्या गावाचा झोन द्या. उरलं वर्णन, त्यात हे टूल कधी वापरायचं आणि कधी नाही, बनवण्याआधी शोधून बघ, आणि ईमेल माहीत नसेल तर नावावरून जुळवू नकोस, विचार. चारपाच ओळीत बसतं. आणि हो, आजची तारीख, वार, यूजरचा झोन सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीला दिलेल्या सूचनांत) द्या, नाहीतर "परवा" कुठून मोजणार तो?

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण एरर मेसेजला कमी लेखू नका. नुसतं "४०० इनव्हॅलिड रिक्वेस्ट" दिलं की एजंट तेच परत पाठवत राहतो. आम्ही तारखेबरोबर वार पण वेगळ्या फील्डमध्ये मागतो, जुळलं नाही की सर्व्हर म्हणतो "१० मार्च २०२६ ला मंगळवार आहे, तुम्ही बुधवार दिलाय, यूजरला विचारा". लगेच वळणावर येतो. "उडवा"ला एमसीपीतला डिस्ट्रक्टिव्ह हिंट (हे टूल काहीतरी नष्ट करू शकतं अशी खूण) लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, नावाप्रमाणे तो नुसता हिंट आहे, क्लायंटने मानला तर मानला. कन्फर्मेशन कोडमध्येच घ्या.

धागाकर्ता:
दोघांनाही धन्यवाद, दोन फील्डची आयडिया आजच टाकतो. एकच राहिलं, वर्णन इंग्रजीत आहे आणि लोक लिहितात मराठीत, तर उदाहरणं मराठीत द्यायची का?

प्रतिसाद २:
द्या की, दोनतीन पुरेत. तुमच्याच चॅट लॉगमधली उचला, "पावणेपाचला", "दीड वाजता जेवण झाल्यावर" असली, आणि समोर नेमकी कोणती वेळ पाठवायची ते. फक्त उदाहरणात ऑफिसातल्या कोणाचा खरा ईमेल टाकू नका, एजंट तोच उचलतो आणि त्या माणसाला भलत्याच मीटिंगांची आमंत्रणं जात राहतात.